खेळांतील पायऱ्या आणि पहिला द्वारपाल

आमच्या अंबाजोगाईंत योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यानें सायंकाळीं फिरावयास निघालें म्हणजे शाळकरी मुलांचे जे संवाद कानांवर पडतात, त्यांत हल्लीं 'लेव्हल' हा शब्द फार ऐकूं येतो. "तुझी किती झाली?" "सत्तर." नवख्या माणसास वाटावें कीं हे गुण परीक्षेचे आहेत. ते तसे नाहींत. घरोघरीं संगणकावर वा मोबाईलवर जे ऑनलाइन खेळ चालतात, त्यांपैकीं एका जातीच्या खेळांत मुलगा एक पात्र धारण करतो, त्यास नांव देतो, आणि महिनेच्या महिने, क्वचित् वर्षानुवर्षें, त्याला वाढवीत राहतो. त्या वाढीचें माप म्हणजे ही लेव्हल. आम्ही तिला पायरी म्हणूं. वडील मंडळींत या खेळांची गोष्ट निघाली कीं दोन वाक्यांत निकाल लागतो : वेळेचा नाश आणि डोळ्यांचा नाश. तिसरें वाक्य कोणी बोलत नाहीं. तें कांहीं असेल तर पाहावें, या हेतूनें आम्हीं शेजारच्या एका चिरंजीवांकडून चार संध्याकाळ रीतसर धडे घेतले.

या पायऱ्यांची कल्पना संगणकाहून निराळी जन्मली आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे. पात्रानें पराक्रम करावा, त्याबद्दल अनुभवाचे गुण मिळावे, आणि ठराविक गुण सांचले म्हणजे वरची पायरी लाभावी, हा नियम त्यांत होता. पुढें १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनीं अनेकांनीं एकदम खेळावयाचा, केवळ शब्दांचा असा खेळ संगणकावर आणला. चिरंजीव जो खेळतात तो 'रूनस्केप' २००१ सालीं इंग्लंडांत अँड्र्यू गावर व त्याच्या बंधूंनीं काढला. खेळ पुढें फार बदलला, तेव्हां जुन्या खेळाडूंच्या आग्रहावरून २००७ सालची प्रत काढून २०१३ मध्यें ती पुन्हां चालू केली आणि तिला 'ओल्ड स्कूल' असें नांव दिलें. नांवांतच जुनी शाळा असल्यामुळें आमचें मन तिकडे थोडें झुकलें, हें सांगितलेलें बरें.

आपल्याकडच्या मोक्षपटांतहि शिड्या होत्या. पण तेथें सत्ता फाशाची. दान पडलें कीं वर, सापाच्या तोंडीं गेलें कीं खालीं. या खेळांत चढणें श्रमावर आहे. लाकूड तोडणें, मासे धरणें, लोखंड घडविणें, स्वयंपाक, धनुर्विद्या अशा वीसाहून अधिक विद्या असून प्रत्येकीच्या नव्याण्णव पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीस ८३ गुण लागतात. दहावीपर्यंत एकूण १,१५४, पन्नासावीपर्यंत १,०१,३३३. पुढची प्रत्येक पायरी मागचीपेक्षां सुमारें दहा टक्क्यांनीं महाग, म्हणजे दर सात पायऱ्यांस किंमत दुप्पट होते. चिरंजीवांनीं आपल्या वडिलांस प्रश्न घातला, "बाबा, नव्याण्णवाचा अर्धा रस्ता कोठें संपतो?" वडील बँकेंत हिशेबाचें काम करणारे, ते म्हणाले, "पन्नासाच्या आसपास." उत्तर ब्याण्णव. ब्याण्णवाव्या पायरीस ६५,१७,२५३ गुण होतात आणि नव्याण्णवावीस १,३०,३४,४३१. शेवटच्या सात पायऱ्यांस आधींच्या सगळ्यांइतके श्रम! भूमितिश्रेढी शिकवितांना आम्हीं बुद्धिबळाच्या पटावरील धान्याचे दाणे किती वेळां मोजले असतील. परंतु ती श्रेढी स्वतःच्या हातांनीं चढलेला विद्यार्थी आम्हांस फळ्यासमोर कधीं भेटला नव्हता.

समजा, एका विद्येंत तासास पन्नास हजार गुण जमतात. तर नव्याण्णवावी पायरी सुमारें दोनशें साठ तासांनीं येईल. रोज एक तास धरला तर साडेआठ महिने. ऐकून वडील मंडळी कपाळास हात लावतील. पण अमरकोशाचे श्लोक दीड हजारांच्या घरांत आहेत. रोज पांच मुखोद्गत करणाऱ्या मुलास दहा महिने लागत, आणि तें आपल्या पणजोबांच्या घरीं नवलाचें मानीत नसत. वेदपाठी मुलगा संहितेवरून पदाकडे, पदावरून क्रम, जटा आणि अखेर घनाकडे जाई. त्याहि पायऱ्याच होत्या, आणि घनपाठी म्हटलें म्हणजे सभेंतील लोक सरसावून बसत. आमच्या गांवचे दासोपंत रोज ढब्बू पैशाची शाई लिहून संपवीत, असें येथें सांगतात. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. ओवी किती झाली हें ते मोजीत होते कीं नाहीं, कोण जाणे. खेळांतल्या मुलास मात्र क्षणोक्षणीं अंक दिसतो, आणि येथेंच आमचें मन शंकित होतें. चिरंजीवांचें पात्र झाड तोडीत असतां ते स्वतः दुसऱ्या पडद्यावर क्रिकेट पाहत होते. अधून मधून बोट लावीत, अंक वाढे. अशा दोनशें साठ तासांस अभ्यास म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं. त्यांत श्रम आहेत, पण लक्ष नाहीं.

लक्ष कोठें लागतें, तें पुढें पाहिलें. मुलें ज्यास 'बॉस' म्हणतात तो या खेळांतला बलाढ्य शत्रु. आम्ही त्यास द्वारपाल म्हणतों, कारण त्याला जिंकल्यावांचून पुढचें दालन उघडत नाहीं असा मुलांचा अनुभव. नवशिक्यांसाठीं मुद्दाम कांहीं द्वारपाल नेमले आहेत. ओबोर नांवाचा एक दैत्य आहे. त्याच्या जातीचे साधे राक्षस अठ्ठाविसाव्या पायरीचे, आणि हा एकशें सहाव्या. त्याच्या गुहेची किल्ली त्या साध्या राक्षसांना मारतां मारतां क्वचित् हातीं लागते, आणि एका किल्लीवर एकच प्रवेश. म्हणजे पहिल्या भेटीपूर्वींच पुष्कळ तालीम होऊन जाते. दुसरी ब्रायोफिटा, शेवाळाची राक्षसीण. ती लढतां लढतां लहान लहान रोपटीं उभीं करते; तीं जिवंत आहेत तोंवर तिच्या अंगास तरवार लागत नाहीं. रोपटीं तरवारीनें अर्धमेलीं करावीं आणि शेवटचा घाव कुऱ्हाडीनें घालावा. तरवार पाजळून गेलेला आणि कुऱ्हाड घरीं विसरलेला वीर तेथें हटकून फसतो.

तिसरा स्करियस, नगराच्या गटारांत राहणारा प्रचंड उंदीर. हा २०२४ सालीं नव्यानें आणला, तोच मुळीं शिकविण्यासाठीं. शस्त्राचा, अस्त्राचा आणि मंत्राचा असे तीन मारे आहेत व प्रत्येकास अडविणारी एकेक प्रार्थना आहे. उंदराकडून काय येत आहे तें पाहून निमिषांत प्रार्थना बदलावयाची. त्यांतच छतावरून विटा पडतात. पडण्यापूर्वीं जमिनीवर सांवली दिसते, तेथून पाऊल हलवावयाचें. चिरंजीव सांगत होते, "आजोबा, पहिल्या वेळीं मी नुसता मारत सुटलों. माझ्याच तरवारीकडे बघत होतों." सहा वेळां ते पडले. सातव्या वेळीं जिंकले. आम्हीं विचारलें, "अरे, मध्यंतरीं पात्राची पायरी किती वाढली?" म्हणाले, "एकहि नाहीं."

हें उत्तर आम्हांस फार मोलाचें वाटलें. पडद्यावर एक शिडी असते, तीवर पात्र चढतें. दुसरी शिडी मुलाच्या डोळ्यांत आणि बोटांत असते, आणि तिचा अंक कोठेंहि उमटत नाहीं. झाड तोडतांना पहिलीच वाढते. द्वारपालासमोर दुसरी वाढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

तालमीच्या वस्तादांस हें ठाऊक होतें. जत्रेंतल्या फडांत आधीं लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावीत. मोठी जोड सायंकाळीं. पोरास चार लोकांदेखत पाठ टेकावी लागली तरी गमावलें काय, तर मूठभर रेवड्या. खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत गेले, तेव्हां लाल मातीवर वाढलेल्या या मल्लास गादीवर झुंजावें लागलें, आणि नियमहि परके. ते सहावे आले. चार वर्षांनीं हेलसिंकीस कांस्यपदक आणलें. लंडनचा पराभव हा त्यांचा पहिला द्वारपाल, असें आम्ही मुलांना सांगतों. मुलांना तें लगेच कळतें.

हरल्यावर काय जावें, याविषयीं या खेळांतहि दोन पंथ आहेत. १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट'मध्यें पात्र मेलें कीं मिळविलेले अनुभवाचे गुण कापीत. कधीं पायरीहि खालीं येई. रूनस्केपांत अनुभव जात नाहीं. सामान काय तें धोक्यांत येतें. छडीची शाळा आणि बिनछडीची शाळा. आम्हीं दोन्ही प्रकारच्या शाळांत काम केलें आहे आणि आमचें मत दुसऱ्या पंथाकडे आहे. मेहनत राखून ठेवली म्हणजेच मूल सातव्यांदा उठतें.

आतां मुख्य गोष्ट. एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें अकरा. त्यांचा नातू सोळा वर्षांचा, अभ्यासांत बरा. एका रात्रीं साडेदहा वाजतां वडिलांनीं दोनदां हांक मारली, मुलगा "थांबा" म्हणाला, आणि वडिलांनीं इंटरनेटची तारच काढली. त्यास आतां सात आठवडे झाले. मुलगा शाळेस जातो, जेवतो, आजीशीं बोलतो. वडिलांशीं एक अक्षर बोलत नाहीं. वडीलहि बोलत नाहींत. बाई विचारतात, चूक कोणाची?

एक गोष्ट त्या घरांतील वडिलांस कोणी सांगितलेली दिसत नाहीं. पत्ते वा बुद्धिबळ जसे खालीं ठेवून जेवावयास येतां येतें, तसा हा खेळ थांबवितां येत नाहीं. पलीकडे तीन-चार सवंगडी त्याच वेळीं त्याच द्वारपालासमोर उभे असतात. मध्येंच तार निघाली म्हणजे मुलगा त्यांच्या लेखीं रणांतून पळाला. सोळा वर्षांच्या मुलास ही लाज किती लागते हें आम्हांपैकीं ज्यांनीं आट्यापाट्यांत पाटी सोडल्याबद्दल बोलणीं खाल्लीं आहेत त्यांस समजावून सांगावयास नको. उलट, साडेदहा वाजतां अकरा माणसांच्या घरांत दोनदां हांक मारावी लागते, हाहि अपराध लहान नाहीं. फेरी सुरू करण्यापूर्वीं घड्याळ पाहणें हें मुलाचें काम, आणि हांक मारण्यापूर्वीं "ही फेरी किती वेळाची?" असें विचारणें हें वडिलांचें. द्वारपालाची एक फेरी बहुधा थोड्या मिनिटांची असते. पायरीसाठीं झाडें तोडणें मात्र कोणत्याहि क्षणीं थांबवितां येतें, तेथें सबब ऐकूं नये.

व्यसनाचें भय बाईंनीं लिहिलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींत खेळाचा विकार २०२२ पासून अंतर्भूत आहे. पण त्याचीं लक्षणें कडक आहेत : ताबा सुटणें, इतर सगळ्या कामांहून खेळ वर बसणें, नुकसान दिसत असूनहि न थांबणें, आणि हें साधारण बारा महिने चालणें. शाळा व जेवण ज्याचें सुरळीत आहे, त्यास घरानें हा शब्द लावूं नये. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निराळे. ते द्यूतच, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्यानें त्यांस बंदी घातली आहे. मुलाच्या खेळांत पैसा कोठें लागतो तें वडिलांनीं बसून पाहून घ्यावें. वर्गणी ही एक गोष्ट, पैज ही दुसरी.

आमची बाईंस सूचना अशी कीं, रविवारीं दुपारीं त्यांनीं नातवास म्हणावें, "तुझा पहिला बॉस मला दाखव." वडिलांस तेथें बोलावूं नये, घर लहान असतें, ते आपण होऊन दारांत येऊन उभे राहतील. मुलगा हरला तर कोणी हंसूं नये. तार पुन्हां काढावयाची नाहीं, एवढें वचन वडिलांकडून बाईंनीं आधीं घेऊन ठेवावें, आणि रात्रीं दहानंतर नवी फेरी सुरू करावयाची नाहीं, हें मुलाकडून. पुढें काय झालें तें आम्हांस कळवावें.