चित्ता परत आला, सहरियांचे काय?

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते पंतप्रधानांच्या हस्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. १९५२ साली देशातून नामशेष घोषित झालेला प्राणी परतला म्हणून प्रसारमाध्यमांनी जल्लोष केला. चित्त्याला आमचा विरोध नाही. राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या हौसेने तो संपवण्यास हातभार लावला. आता तो पुन्हा माळावर धावणार असेल तर चांगलेच आहे. (आणलेला चित्ता आफ्रिकेचा आहे, आपल्याकडचा आशियाई आता फक्त इराणमध्ये उरला आहे, हा भाग वेगळा.) आमचा प्रश्न माळाचा आहे. हा माळ आला कोठून?

कुनोतील चोवीस गावे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उठवण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी. ही गावे चित्त्यासाठी उठवली नव्हती. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे, असे तेव्हा सांगण्यात आले. गावे गेली, शेतांवर गवत माजले, चितळांचे कळप वाढले. सिंह मात्र आले नाहीत, कारण गुजरात सरकारने ते दिले नाहीत. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत सिंह हलवा, असा आदेश दिला व आफ्रिकी चित्ता आणण्याचा निर्णय रद्द ठरवला. त्या आदेशाचे पालन आजतागायत झालेले नाही. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने चित्त्याला प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. न्यायालयाचा आदेश राज्य सरकार धाब्यावर बसवते आणि कोणाचे काही बिघडत नाही! सहरियांनी मात्र सरकारचा शब्द मानून घरे सोडली.

मराठवाड्यातील आमच्या गायरानधारक बांधवांना हे नवीन नाही. भूमिहीन कसू लागला की पडीक जमिनीला एकाएकी मोल येते. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले, ते अशाच जमिनीसाठी.

आता कायद्याचे बोलू. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ड) नव्हे, ३(१)(एम) वाचावे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी ज्यांना कायदेशीर पुनर्वसन न देता वनजमिनीवरून विस्थापित केले, त्यांना मूळ जागी पुनर्वसनाचा, त्यात पर्यायी जमिनीचाही, हक्क हे कलम देते. सरकार म्हणेल, आम्ही प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टर दिले. पण सालईचा डिंक हे सहरियांचे रोख उत्पन्न होते, ते जंगलातच राहिले. शेताच्या तुकड्याने ते भरून निघत नाही. श्योपूर जिल्हा कुपोषणासाठी कुप्रसिद्ध आहे; २०१६ साली तेथील बालमृत्यूंची देशभर चर्चा झाली. चित्त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असते, त्याचा एकही मृत्यू बातमीशिवाय जात नाही. उठवलेल्या कुटुंबांचा असा हिशेब कोणत्या खात्याने ठेवला?

एप्रिल २०२५ मध्ये गांधीसागर अभयारण्यातही चित्ते सोडले गेले. गुजरातमधील बन्नीच्या गवताळ प्रदेशात प्रजनन केंद्राची योजना आहे, आणि तेथे मालधारी पशुपालक पिढ्यान्पिढ्या गुरे चारतात. त्यांनी वाट पाहू नये. सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेत मंजूर होतो, मग उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातो. कलम ४(२) नुसार ग्रामसभेच्या लेखी, माहितीपूर्ण संमतीशिवाय अतिसंवेदनशील वन्यजीव अधिवासातून कोणालाही हलवता येत नाही. ही संमती मागायला अधिकारी आले की, आधी मंजूर दाव्याची प्रत मागा.