खोलीभाड्याची ओळ
आरोग्य विमा घेताना माणसं हप्ता बघतात, विमा रक्कम बघतात आणि खोलीभाड्याच्या मर्यादेवरून नुसती नजर फिरवतात. माझ्या मते पॉलिसीतली सगळ्यात महागडी ओळ तीच. समजा, विमा पाच लाखांचा आणि खोलीची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतलीत, तर वरचे पाच हजार खिशातून जातील एवढाच हिशेब बहुतेक जण करतात. प्रत्यक्षात सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या सगळ्यालाच निम्मी कात्री लागू शकते, कारण अनेक रुग्णालयं हे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे लावतात. जिथे ते तसे लावत नाहीत तिथे ही कपात करता येत नाही. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचा खर्चही त्यातून वगळायचा, असा विमा नियामकाचा नियम आहे. (डिस्चार्जच्या गडबडीत तो कुणाला आठवतो म्हणा!) पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक येतं, मागितलं तर मराठीतही. ते वाचून अटी पटल्या नाहीत, तर पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. वर्षाहून कमी मुदतीच्या पॉलिसीला मात्र ही सोय नाही.