होयचे बहुमत



११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीनं बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला दुसरा विषय सुचेना. अकरा किल्ले महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. पण आपल्यातल्या कोल्हापूरकरांना त्यात एकच दिसत होता. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना, धुक्यातलं तबक उद्यान असे पन्हाळ्याचे फोटो धो धो कोसळत होते. त्यांच्यामागून अभिनंदनाची पोस्टर आली: खासदारांची, आमदारांची, माजी आमदारांची आणि भावी आमदारांची. वर महाराज, खाली नेते, आणि आकारानं नेते महाराजांपेक्षा थोडे थोरच.

त्याच दोन दिवसांत, १० आणि ११ जुलैला, मुंबईत विधिमंडळानं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. एखादी संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा आणि तिच्याशी संबंध ठेवणाऱ्याला तुरुंगात धाडण्याचा अधिकार सरकारला देणारं हे विधेयक. त्याच्यावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या. बाजू कोणतीही घ्या, पण हा किरकोळ कायदा नव्हता. विधानसभेत तो आवाजी मतदानानं पार पडला. उघड विरोध नोंदवणारे आमदार एकच, माकपचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विषय संपला.

आता साधा प्रश्न. पन्हाळ्याचे आमदार विनय कोरे यांचं या विधेयकावर मत काय पडलं? अंदाज बांधता येतो, कारण ते सत्ताधारी महायुतीबरोबर आहेत. पण अंदाज म्हणजे नोंद नव्हे. ती शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण ती मुळात झालेलीच नाही.

आवाजी मतदान कसं होतं ते ज्यांनी अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे. अध्यक्ष एका दमात म्हणतात: अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. दोन्ही बाजूंनी थोडा गलका होतो, कधी तोही होत नाही. कुणी कागद चाळत असतो, कुणी शेजाऱ्याशी बोलत असतो, आणि तेवढ्यात ‘होयचे बहुमत, विधेयक संमत झाले’ हे शब्द कानावर पडतात. अध्यक्ष लगेच पुढच्या बाबीकडे वळलेले असतात. आपलं अख्खं आयुष्य बदलणारा कायदा असा पावसाच्या सरीसारखा येतो नि जातो. कुणी हट्टानं पोल, म्हणजे मतविभागणी, मागितला तरच नावं कागदावर येतात.

आणि हट्ट केला तरी येतीलच असं नाही. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. देवेंद्र फडणवीसांच्या अल्पमतातल्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव होता. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी ठराव आवाजी मतदानानं संमत झाल्याचं जाहीर केलं. मतविभागणी हवी म्हणून शिवसेना आणि काँग्रेसचे आमदार ओरडत राहिले. राष्ट्रवादीनं बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. शिरगणती झाली असती, तर त्या पक्षाचा एकेक आमदार कुठं उभा राहिला हे कायमचं लिहिलं गेलं असतं. ते कितीजणांना नको होतं, याचा विचार वाचकांनीच करावा.

या ठरावाच्या जेमतेम महिनाभर आधी पन्हाळ्यात काय झालं होतं? गड ज्यात येतो त्या शाहूवाडी मतदारसंघात शिवसेनेचे सत्यजित पाटील सरूडकर यांनी विनय कोरे यांना हरवलं होतं, अवघ्या ३८८ मतांनी. रात्रंदिवस प्रचार, गावोगावच्या पदयात्रा, फेरीगणिक वाढणारा-घटणारा आकडा, मोजणी केंद्राबाहेर श्वास रोखून उभे असलेले दोन्हीकडचे लोक. मतदारांचं एकेक मत तराजूत घालून मोजलं गेलं. आणि असा मोजून मापून निवडलेला माणूस सभागृहात गेला, तेव्हा राज्याचं सरकार कोण चालवणार या सर्वांत मोठ्या प्रश्नावर त्याचं मत गलक्यात विरघळलं. सरूडकर त्या दिवशी विरोधात होते हे आपण पक्षावरून सांगतो, कागदावरून नाही.

मोजायचं ठरवलं तर मोजता येतं, हेही याच विधानसभेनं दाखवलंय. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारनं विश्वासमत घेतलं तेव्हा एकेक आमदार उभा राहून मोजला गेला: बाजूनं १६९, विरोधात शून्य, चार तटस्थ, भाजपचा सभात्याग. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदेंच्या ठरावावर १६४ विरुद्ध ९९. खुर्चीचा प्रश्न असला की शिरगणती करायला बहुतेकदा वेळ असतो. वीज, शेतजमीन, शाळा, नागरी हक्क यांचा असला की होयचे बहुमत.

इथं इंग्लंडमध्ये राहून आपल्याला वेगळीच सवय लागलीय. २९ नोव्हेंबर २०२४ ला कॉमन्समध्ये मरणासन्न रुग्णांना इच्छामरणाची मुभा देणाऱ्या विधेयकावर मतदान झालं. ३३० विरुद्ध २७५. पक्षांनी व्हिप, म्हणजे पक्षादेश, काढला नव्हता; प्रत्येकानं आपल्या विवेकाप्रमाणं ‘होय’ किंवा ‘नाही’च्या लॉबीत जायचं होतं. त्याच संध्याकाळी आपला खासदार कुठल्या लॉबीतून गेला हे नावानिशी पाहता आलं, आणि आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर त्यावरून कडाक्याची वादावादी झाली. इथल्या संसदेनं मतदानाच्या याद्या १८३६ पासून छापल्यात. म्हणून ही मंडळी पुण्यवान आहेत असं अजिबात नाही. याद्या असूनही इथले खासदार आश्वासनं विसरतात. फरक एवढाच, की विसरले तर पकडता येतात.

शिवाय आपल्यातल्या अनेकांची स्थिती गमतीशीर आहे. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून आपण इथं संसदेला मत देतो. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर २०१० च्या दुरुस्तीनंतर फॉर्म ६-ए भरून गावच्या मतदारयादीतही नाव घालता येतं. मत द्यायला मात्र स्वतः तिथल्या केंद्रावर उभं राहावं लागतं. म्हणजे पासपोर्टवर पन्हाळ्याचा पत्ता असलेला एखादा रेडिंगवासी दोन्हीकडचा मतदार असू शकतो. एका प्रतिनिधीची मतं त्याला बसल्या जागी दिसतात, दुसऱ्याची फक्त पोस्टर दिसतात.

यावर ठरलेलं उत्तर असतं: व्हिप असताना वैयक्तिक मताला अर्थ काय? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. मग बिचारा आमदार करणार काय? बहुतेकांच्या बाबतीत हे खरंच आहे. पन्हाळ्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर चालत नाही. विनय कोरे यांचा पक्ष त्यांचा स्वतःचा आहे. वारणेचे तात्यासाहेब कोरे यांच्या या नातवानं २००४ मध्ये जनसुराज्य शक्ती पक्ष काढला आणि पहिल्याच झटक्यात चार आमदार निवडून आणले. पुढे ते मंत्री झाले, २०१४ ला ते निसटत्या मतांनी पडले, २०१९ ला परत आले, २०२४ ला पुन्हा जिंकले. आज पक्षाचे दोन आमदार आहेत, ते स्वतः आणि हातकणंगल्याचे अशोकराव माने. भाजपचा व्हिप त्यांना कायद्यानं बांधत नाही. मित्रपक्ष म्हणून भीड असेल, राजकारणाचा हिशेबही असेल, पण आदेश काढणारे आणि पाळणारे तेच. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत इतकी मोकळीक फार थोड्यांना आहे. म्हणूनच त्यांच्या मताची नोंद हवी असं वाटतं. टीका करायची म्हणून नव्हे; ते मत खरोखर त्यांचं असतं म्हणून.

नोंद नसली की तिची जागा फलक घेतो. गडाच्या वाटेवर किंवा तालुक्यातल्या कुठल्याही चौकात उभे राहा. ‘यांच्या अथक प्रयत्नांतून इतके लाख मंजूर’: सभामंडप, गटर, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. आमदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. तो आपल्याच करातला असतो हे फलकावर लिहीत नाहीत. कामं होतात, हे कबूल करायला हवं. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीनं गडाचा मुख्य रस्ता खचला आणि पन्हाळा जगापासून तुटला, तेव्हा तिथल्या लोकांना विधेयकं नको होती, रस्ता हवा होता. पन्हाळगडाच्या रणसंग्रामावरचा लघुपट आणि १३ डी थिएटर हाही कोरे यांच्याच पुढाकाराचा भाग, आणि पोरांना घेऊन गेलेले आपले लोक त्यावर खूश आहेत. पण गटर बांधणं हे नगरपरिषदेचं काम. आमदार कायदे करायला निवडलेला असतो, आणि नेमकं तेवढंच त्याच्या फलकावर कधी येत नाही.

आता गडावरच्या माणसाचं खरं दुखणं घ्या. पन्हाळा हा नांदता किल्ला आहे. तटाच्या आत घरं, हॉटेलं, शाळा, कचेऱ्या आहेत. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांत मोडतो. २०१० साली संसदेनं प्राचीन स्मारकांच्या कायद्यात दुरुस्ती केली: संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही नाही. रायगडावर हे ठीक आहे. पन्हाळ्यावर त्याचा अर्थ असा, की पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला छपराची कैची बदलायची तरी कागद घेऊन हिंडावं लागतं. युनेस्कोचं नाव निघालं तेव्हा गडावर काहीजण आनंदण्याऐवजी धास्तावले, त्याचं मूळ इथं आहे. २ जानेवारी २०१८ ला लोकसभेनं या कायद्यात आणखी एक दुरुस्ती मंजूर केली. ती होती केंद्राच्या सार्वजनिक कामांना बंदीच्या पट्ट्यात वाट करून देणारी. घर दुरुस्त करणाऱ्या माणसासाठी नव्हे. राज्यसभेनं ती प्रवर समितीकडे पाठवली आणि तिचा कायदा झालाच नाही.

म्हणजे पन्हाळ्याच्या घरावर सर्वांत जास्त परिणाम करणारी मतं मुंबईत नव्हे, दिल्लीत पडली. लोक मात्र गाऱ्हाणं घेऊन आमदाराकडे जातात, आणि आमदारही ‘बघतो, बोलतो’ म्हणतात. खासदारांना कुणी विचारत नाही. गड हातकणंगले लोकसभा मतदारसंघात आहे. २००९ ते २०१९ राजू शेट्टी खासदार होते, तेव्हापासून धैर्यशील माने आहेत. या दोघांपैकी कुणी गडावरच्या घरांचा प्रश्न सभागृहात किती लावून धरला, हे त्यांनीच तारखांसह सांगावं.

शेट्टींचं उदाहरण इथं मुद्दाम घेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी लोकसभेत दोन खासगी विधेयकं मांडली, एक शेतकऱ्यांच्या कर्जमुक्तीचं आणि दुसरं हमीभावाच्या हक्काचं. स्वातंत्र्यानंतर खासगी सदस्याची जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा ही दोन्ही पार पडणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. पण माणसाचा अग्रक्रम काय आहे हे कागदावर आलं. वर्षाच्या आत निवडणूक झाली आणि ते मोठ्या फरकानं हरले. हरण्याची कारणं अनेक असतील. तरी कुठल्या प्रचारात, कुठल्या कट्ट्यावर त्या विधेयकांची चर्चा झाली? नेते फलक लावतात, कारण आपण फलकच वाचतो.

मतविभागणी झाली की काय होतं ते २० सप्टेंबर २०२३ ला दिसलं. महिला आरक्षणावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २. ‘नाही’ म्हणणाऱ्या दोघांतले एक इम्तियाज जलील, तेव्हाचे औरंगाबादचे खासदार. त्यांची भूमिका पटो न पटो, पुढच्या निवडणुकीत त्यांना तिचं उत्तर द्यावंच लागलं. बाकीच्या ४५४ जणांनाही हे श्रेय नावानिशी मिरवता येतं. नोंद दोन्हीकडून उपयोगी पडते.

मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं: हजेरी, प्रश्न, त्यांचा दर्जा. तसं शाहूवाडी-पन्हाळ्याचं काढायला कुणी संस्था येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. आपण काय करू शकतो? महाराष्ट्रातले लोकप्रतिनिधी अभ्यास दौऱ्यावर किंवा मुलामुलींच्या पदवीदानाला इकडे येतात, आपण हॉल घेतो, शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, आणि ‘महाराष्ट्राच्या जडणघडणीत परदेशस्थ मराठी माणसाचं योगदान’ यावर त्यांचं भाषण ऐकतो. कार्यकारिणीनं ठरवलंय, की यापुढे सत्कार जरूर करायचा, पण निमंत्रणाबरोबर एक पत्र जाईल. गेल्या अधिवेशनात तुम्ही कोणते तारांकित प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर बोललात, आणि आवाजी मतदानात तुमचा ‘होय’ कुठं होता नि ‘नाही’ कुठं? उत्तर आलं तर वार्तापत्रात शब्दही न बदलता छापू. आलं नाही तर तेही छापू.

पहिली पत्रं पन्हाळ्यासाठी जात आहेत, आमदारांना आणि खासदारांनाही; घरदुरुस्तीचा प्रश्न त्यात पहिला आहे. गडावर ज्यांचे नातेवाईक राहतात त्यांनी त्यांची नेमकी अडचण, शक्य तर नाकारलेल्या अर्जाच्या प्रतीसह, सचिवांकडे पाठवावी. आणि ज्यांचं नाव अजून तिकडच्या यादीत घालता येतं, त्यांनी फॉर्म ६-ए याच महिन्यात भरावा.

— संपादक