उरलेल्या लाकडाचे मोल

जुन्या नाशकातील कित्येक वाडे आता उतरविले जात आहेत. त्यांच्या सागवानी तुळयांना आणि खांबांना गिऱ्हाईक मिळते. परंतु कापाकापीत उरलेले हातभर, वीतभर तुकडे पुष्कळदा पाणी तापविण्याच्या बंबात जातात. सागाचे झाड पक्व होण्यास साधारणपणे पन्नास-साठ वर्षे लागतात. त्याचा अंश एका स्नानापुरता जळून जावा, हे योग्य म्हणता येईल काय?

कुशल सुताराला त्याच तुकड्यात निराळेच काही दिसते. लांबट तुकड्यात त्याला उलथने दिसते, रुंद तुकड्यात पोळपाट दिसतो. अरुंद फळीला चार खुंट्या बसविल्या, की पळ्या व झारे टांगावयाचे खुंटाळे होते. लहान तुकडे जोडले, की ऊन पातेल्याखाली ठेवावयाची अडणी होते. जुने लाकूड वर्षानुवर्षे वाळून मुरलेले असल्यामुळे ओल्या लाकडासारखे सहसा वाकत नाही. मात्र उलथने करताना लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत लांबीने धावल्या पाहिजेत. त्या आडव्या असतील, तर दांडा थोड्या जोरानेच मोडतो. शेवटी काचकागदाने घासून जवसाचे तेल चोळले, म्हणजे ते वाळून लाकडाचे पाण्यापासून काहीसे रक्षण करते.

तथापि, काटकसरीलाही विवेक हवा. रंग दिलेले, वाळवीचे औषध पाजलेले किंवा प्लायवुडचे तुकडे अन्नाला लागणाऱ्या वस्तूंसाठी कधीही वापरू नयेत. धारदार हत्यारही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच हाती घ्यावे.

कोणी म्हणेल, "बाजारात उलथने स्वस्त मिळते, मग हा खटाटोप कशाला?" पैशांचाच हिशेब केला, तर हे म्हणणे खोटे नाही. परंतु विकत आणलेल्या वस्तूबरोबर ती घडविण्याचे ज्ञान घरी येत नाही. १८६६ साली फिनलंडमधील लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तव्यवसायाला स्थान मिळाले. पुढे स्वीडनमधील ऑटो सालोमन यांनी मुलांकडून घरात उपयोगी पडतील अशा लाकडी वस्तू करवून घेण्यावर भर दिला. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनीही हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. हाताला वळण लागले, की डोळ्याला माप कळते आणि मनाला धीर येतो, हे या सर्वांनी ओळखले होते.

ज्याने एकदा स्वतःच्या हाताने साधे उलथने घडविले, तो सुताराच्या कामाला कधी हलके लेखणार नाही आणि झाडावर कुऱ्हाड उगारण्यापूर्वी क्षणभर थांबेल. कोणतीही वस्तू टाकाऊ म्हणून जन्माला येत नाही. माणसाचा विचार थांबला, म्हणजे ती टाकाऊ ठरते.