व्यायामाचा तास

परीक्षा समीप आली की गणिताच्या शिक्षकांनी व्यायामाचा तास मागून घ्यावा आणि मुख्याध्यापकांनी तो निमूटपणे द्यावा, हा प्रघात आमच्या अनेक शाळांत इतका रूढ झाला आहे की, त्यात विद्यार्थ्यांच्या प्रकृतीची हानी होते ही जाणीवच लोपली आहे. ज्या प्रांतात मल्लखांबाची विद्या जोपासली गेली आणि १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था उभी राहिली, तेथे शरीरसंवर्धनाची महती नव्याने सांगावी लागावी, ही खेदाची बाब होय.

उणीव कायद्याची नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरपर्यंत मनाई केली. उणीव आहे ती अंमलाची.

पोषण आहारात प्राथमिकच्या मुलास ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे; परंतु ताटातील मटकीच्या उसळीने शरीरास काय लाभते, हे शिक्षकांनी त्याच पंगतीत बसून, स्वतः जेवता जेवता सांगितले, तर आरोग्याच्या पुस्तकातील धड्याहून ते निश्चितच अधिक खोल रुजेल.

माझी मागणी एवढीच की, व्यायामाचा तास रोजचा असावा, त्यास कोणी हात लावू नये, आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने हजेरीपत्रकाइतक्याच कसोशीने मैदानही पाहावे. तेथे केवळ स्पर्धेतील निवडक खेळाडूच धावतात, की कडेला उभ्या राहणाऱ्या मुलींनाही रोज खेळावयास मिळते, याची त्याने नोंद करावी.