बालवाडीत घरची बोली चाललीच पाहिजे

‘आम्ही अंगणवाडीत सगळ्यांना सारखंच वागवतो, कुणाची जात-बोली पाहत नाही, मग वेगळं काय करायचं?’ जळगाव-धुळ्याकडची भली, शिकलेली माणसं हे मनापासून म्हणतात, म्हणूनच ते खोडून काढलं पाहिजे.

सगळ्यांना सारखं म्हणजे व्यवहारात सगळ्यांना पुस्तकी मराठी. चोपडा, यावल, शिरपूरच्या पावरा पाड्यांवरचं तीन वर्षांचं पोर पावरी बोलतं, चाळीसगावकडच्या तांड्यावरचं गोरमाटी, शहरातल्या मोहल्ल्यातलं उर्दू आणि गावोगावचं अहिराणी. २०११ च्या जनगणनेत अहिराणी ही मातृभाषा सांगणारे १६ लाखांवर होते. पावरी बोलणाऱ्या पोराच्या कानावर पहिल्याच दिवशी न कळणाऱ्या सूचना पडतात. ते गप्प होतं आणि आपण त्याला मंद ठरवतो. हा सारखेपणा फळतो तो ज्याच्या घरात आधीच पुस्तकी मराठी आहे त्यालाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आईबापच म्हणतात, ‘बोली घरी आहेच, पोराले मराठी शिकाडा, इंग्रजी शिकाडा.’ बोलीवरून हिणवलं गेलेल्या माणसांची ही मागणी आहे आणि ती रास्त आहे. मराठी आलीच पाहिजे. पण लहान-मोठं, कमी-जास्त, आधी-नंतर ही समज घरच्या बोलीत पक्की झालेल्या पोराला मराठीत फक्त नवे शब्द शिकायचे उरतात. बोली तोडली तर समज आणि शब्द दोन्ही एकदम शिकावे लागतात, आणि तिथेच ते मागे पडतं. आणि बोली कमी दर्जाचीही नाही. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची बोलीतली गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच जिल्ह्यात ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या पोराला ‘नीट बोल’ म्हणून दटावणं मला अन्यायाचं वाटतं.

‘एका अंगणवाडीताईने चार बोल्या कशा शिकायच्या?’ शिकूच नयेत. वजनं, आहार, मोबाइलवरच्या नोंदी यांनी ती आधीच वाकली आहे. मग करायचं काय? उत्तर जुनंच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्मली ती अशी. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारची अंगणवाडी योजना आली, तिने नाव उचललं. रीत मात्र मागे राहिली. ती रीत आजही जमण्याजोगी आहे. मदतनीस पाड्यातलीच असावी. आठवड्यातून एकदा आजीने येऊन तिच्या बोलीत गोष्ट सांगावी. आईबापांबरोबर ऊसतोडीहून परतलेल्या पोराला ‘इतके दिवस कुठे होतास’ असं दरडावू नये, तिथे काय पाहिलं ते सांगू द्यावं. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याचा आधार नाही. त्याच्या बाजूने बोलायला गावच आहे. येत्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या अंगणवाडीत किती बोल्यांची मुलं आहेत, आणि त्यांच्याशी त्या बोलीत बोलणारं तिथे कोण आहे?