"वय झालंय, दुसरं काय!"

आमची आजी मोहोळला असते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण दुधाचा महिन्याचा हिशेब कायम तोंडपाठ. मागच्या दिवाळीत तिने गवळ्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिले. "वय झालंय, दुसरं काय!" सगळ्यांनी निकाल लावला. मीही.

च्यायला, साफ चुकीचा निकाल! भारतात साठीपुढच्या शंभरांत साधारण ७ जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालाय. उरलेल्या ९३ जणांचं वय झालेलं नाही का?

आठ महिन्यांनी सोलापूरला दाखवलं. "शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा." ही १९७५ सालची अमेरिकन चाचणी, ३० गुणांची. लिहिता न येणारी आजी त्यात मार्क घालवणारच की! निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकातच वापरली गेली होती. म्हणजे जमतं, मनावर घेतलं तर.

आजीची तुलना कालच्या आजीशीच करायला हवी. सर्व्हर जरा हळू झाला की आपण लॉग उघडतो. आजीचा लॉग गवळ्याकडे आणि शेजारच्या काकूंकडे असतो. रविवारच्या फोनवर "जेवलीस का?" विचारून तो कसा दिसणार?

रक्त तपासलं, बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. किती फरक पडेल, बघू. ते आठ महिने मात्र आम्हीच घालवले.

असो. आज घरी फोन कराल तेव्हा शेजारच्या काकूंशीही बोला.